व्यसनमुक्तीला आलेल्या माणसाचं लहानपण कोणी विचारते का? (एडीएचडी आणि व्यसन)

दारव्हेकर

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार, आधीच सांगून ठेवतो.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलेला माणूस, यवतमाळ जिल्ह्यात व्यसनमुक्तीच्या कामात आहे, बहुतेक वेळ गावागावात फिरणं. कोणी दाखल व्हायला आला की आमच्याकडे फॉर्म भरतात. काय पितो, कधीपासून पितो, दिवसाला किती, शेवटची कधी घेतली, घरात अजून कोण पिते, कर्ज किती, बायको नांदते की माहेरी गेली. दोन पानं भरतात. पण हा माणूस दुसरी-तिसरीत असताना वर्गात कसा बसायचा हे त्या दोन पानांत कुठंच नाही. माझं म्हणणं एवढंच की तो प्रश्न पहिल्या पानावर पाहिजे.

काहून म्हणता? सांगतो. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, इचार न करता उडी मारणं, हा आजार आपण फक्त पोट्ट्यांचा समजतो. पण तो पुष्कळांच्या अंगात मोठेपणीही राहतो. जगभरातल्या अभ्यासांचा हिशोब पाहिला तर मोठ्या माणसांत त्याचं प्रमाण साधारण अडीच टक्के धरतात. आणि २०१२ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी व्यसनी लोकांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर तिथं आकडा निघाला २३ टक्के. म्हणजे चारात जवळपास एक! नंतर १० देशांत उपचाराला आलेल्या लोकांची नीट मुलाखत घेऊन तपासणी झाली, तिथं देशाप्रमाणे हा आकडा ५ टक्क्यांपासून ३१ टक्क्यांपर्यंत फिरला. अगदी खालचा आकडा धरला तरी सर्वसाधारण लोकांच्या दुप्पट होते.

आता एक गोष्ट जवळून पाहिलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) एक माय आपल्या पोराला घेऊन आली, पोरगा तिशीच्या आसपासचा, दारू आणि खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) दोन्ही, याआधी दोनतीन ठिकाणी राहून आलेला, बाहेर पडला की पंधरा दिवसांत परत सुरू. तिच्या थैलीत आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि खाली पोराची शाळेची प्रगतीपुस्तकं. कागद म्हणून जे जे घरात होतं ते सगळं घेऊन आली होती बिचारी. मी सहज उघडलं. दुसरीत शेरा, "हुशार आहे, जागेवर बसत नाही." तिसरीत, "वह्या हरवतो, प्रश्न पूर्ण होण्याआधी उत्तर देतो." चौथीत, "लक्ष दिल्यास पहिला येईल." तीन वेगळ्या मास्तरांचं अक्षर, तीन वेगळ्या शाई. आणि आधी जिथं जिथं तो राहिला तिथं त्याच्या कागदावर काय लिहिलेलं, तर "इच्छाशक्ती कमी."

आम्ही त्याला मानसोपचाराच्या ओपीडीत पाठवलं, तिथं तपासणी होऊन एडीएचडीचं निदान झालं, उपचार सुरू आहेत. पुढं काय होईल ते आत्ताच बोलत नाही. पण इतकी वर्षं हे कोणाच्याच डोळ्याला दिसलं नाही याचा मला फार राग येते.

तुमच्याकडे काय अनुभव आहे? डॉक्टर मंडळींनी पण बोलावं.

कास्तकार_बाभुळगाव

दारव्हेकर भाऊ, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण मले हे पटत नाई. लहानपणी आम्ही सारेच पोट्टे तसेच होतो, कोण बसत होतं जागेवर? मास्तर छडी घेऊन असे म्हून बसत होतो. मंग आम्ही सारे काय रोगी? गावात मानूस पेते ते कापसाले भाव नाई म्हून, सोयाबीन पान्यात सडते म्हून, सोसायटीचं कर्ज फिटत नाई म्हून. पोरीचं लगन आडून बसते. त्याच्यात आता हा नवा रोग आनून बसवला तर सरकार म्हनन की पाहा, याच्या डोक्यातच दोष होता, भावाचं काय घेऊन बसला. हे मले भेव वाटते.

दारव्हेकर

भाऊ, तुमची भीती खोटी नाही आणि मी ती बाजूला सारत पण नाही. नापिकी, कर्ज, भाव, हे खरंच आहे. मी कोणाच्याही घरी जाऊन "तुझ्या डोक्यातला दोष" असं म्हणणार नाही. पण असं पाहा, एका शिवारात एकाच वर्षी दहा जणांचं सोयाबीन सडलं, दहाही जण पिऊन राहिले नाहीत, दोघं तिघं पितात. तेच दोघं तिघं का, आणि त्यांना सोडायची असूनही सुटत का नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. कर्जमाफी पण पाहिजे आणि ही तपासणी पण पाहिजे.

मनाची_ओपीडी

मी मानसोपचारात एमडी करतेय, माहेर हिंगणघाट. कास्तकार काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे की प्रत्येक चंचल पोरगा आजारी नसतो, म्हणूनच निदानाचे नियम कडक आहेत. २०१३ च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) प्रमाणे लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी सुरू झालेली पाहिजेत, एकाच ठिकाणी नाही तर घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसली पाहिजेत, आणि त्यामुळे माणसाचं खरोखर नुकसान होत असलं पाहिजे. नुसता मस्तीखोर असणं म्हणजे एडीएचडी नाही.

आणि हा "नवा रोग" पण नाही हो काका. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती. १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिल्यावर ती शांत होऊन अभ्यास करायला लागल्याचं लिहून ठेवलं. आपल्याकडे उशिरा पोचलं एवढंच.

दारव्हेकर दादा, आता तुम्हाला पण एक सावधगिरीची गोष्ट सांगते. दारू सोडून आठ दिवस झालेला कोणताही माणूस बेचैन असतो, लक्ष लागत नाही, चिडतो, झोप नाही. त्या वेळी एडीएचडीची प्रश्नावली दिली तर निम्मी खोली पॉझिटिव्ह निघेल. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा जन्मापासून पाठपुरावा चालू आहे. ती ३८ वर्षांची झाल्यावर पाहिलं तर ज्यांना मोठेपणी एडीएचडीची लक्षणं होती त्यांच्यातल्या ९० टक्के लोकांना लहानपणी तो नव्हताच! त्यावरून फार वाद झाला. मग २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातल्या लोकांची बारकाईने छाननी केली, तर उशिरा सुरू झालेला एडीएचडी वाटत होता अशांपैकी जवळपास ९५ टक्के गळाले, आणि कारणांत नशा किंवा दुसरा मानसिक आजार हेच जास्त होतं.

म्हणून तुमचं ते प्रगतीपुस्तक फार मोलाचं आहे. नशा सुरू होण्याच्या आधीचा पुरावा आहे तो. ओपीडीत आम्ही आईला, मोठ्या भावाला, जमलं तर जुन्या मास्तरांना विचारतो. पेशंटला स्वतःला लहानपणचं नीट आठवतच नाही बऱ्याचदा.

तिरोडा_पॅसेंजर

प्रगतीपुस्तकाचा मुद्दा एक नंबर. आमच्या घरी आईने अजून ट्रंकेत ठेवलेले आहेत सगळ्यांचे. वाचतोय, चालू द्या.

औषधवाला

मेडिकल स्टोअर आहे, तालुक्याच्या गावी. खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही म्हणून विचारतो. एडीएचडीला जे मिथाइलफेनिडेट देतात ते उत्तेजक औषध आहे, एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखाली येते, आमच्यासारखे छोटे दुकानदार ठेवतच नाहीत, रजिस्टर, प्रिस्क्रिप्शन सगळी भानगड. अशी गोळी ज्याला आधीच नशेची सवय आहे त्याच्या हातात द्यायची? आणि लहान पोराला दिली तर मोठा झाल्यावर तोच नशेकडे वळणार नाही का? लोक काउंटरवर हेच विचारतात आणि मला उत्तर देता येत नाही.

मनाची_ओपीडी

दादा, या एका प्रश्नावर मानसोपचारात वीस-पंचवीस वर्षं भांडण चाललंय, थोडं लांब लिहिते.

२००३ मध्ये बोस्टनच्या गटाने जुने अभ्यास एकत्र केले आणि म्हटलं की लहानपणी औषध मिळालेल्यांत पुढे व्यसनाचा धोका जवळजवळ निम्म्याने कमी. सगळे खूश झाले. पण २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने जास्त अभ्यास घेऊन तेच गणित केलं, त्यात १५ अभ्यास आणि अडीच हजारावर लोक होते, तर निघालं की लहानपणच्या औषधाने धोका वाढतही नाही आणि कमीही होत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या त्या मोठ्या अभ्यासातून (१९९० च्या दशकात ५७९ मुलं घेऊन सुरू केलेला) पण तसंच आलं, की एडीएचडी असलेली मुलं किशोरवयात नशेकडे जास्त वळली, पण औषध घेतलं की नाही याने फरक पडला नाही.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये सगळ्या नागरिकांची सरकारी नोंद असते. तिथं एडीएचडी असलेल्या ३८,७५३ लोकांची नोंद पाहिली, २०१४ मध्ये छापून आलं, तर औषध चालू असलेल्यांत नशेशी संबंधित घटना ३१ टक्के कमी. अमेरिकेत २०१७ मध्ये जवळपास ३० लाख लोकांच्या विम्याच्या नोंदी तपासल्या. तिथं युक्ती अशी की एकाच माणसाचे औषध चालू असलेले महिने आणि बंद असलेले महिने यांची तुलना केली, म्हणजे गरीब-श्रीमंत, घरचं वातावरण, स्वभाव हे सगळं आपोआप बाजूला पडलं. औषध चालू असलेल्या महिन्यांत पुरुषांत ३५ आणि बायकांत ३१ टक्के कमी घटना.

मी या सगळ्यातून काय घेते ते सांगते. औषधाने व्यसन लागते हे सिद्ध झालेलं नाही, उलट अनेक ठिकाणी तसं होत नाही असंच दिसलं. औषध चालू असताना संरक्षण मिळत असावं, पण सातवीत घेतलेली गोळी पंचविसाव्या वर्षी वाचवेल अशी आशा ठेवू नये.

आणि नशा का होत नाही? व्यसनावर संशोधन करणाऱ्या नोरा वोल्कोव यांच्या गटाने मेंदूचे पेट स्कॅन करून दाखवलं की मिथाइलफेनिडेट तोंडाने घेतलं तर मेंदूत चढायला तास-दीड तास लागतो, डोपामिन (मेंदूतलं आनंद आणि ओढ यांच्याशी जोडलेलं रसायन) हळूहळू वाढतं. नशा येते ती डोपामिन एकदम उसळलं की. ठिबकचं पाणी आणि पाट फोडून सोडलेलं पाणी यात जो फरक तोच. म्हणून गोळी कुटून नाकाने ओढली किंवा टोचून घेतली तर मात्र धोका आहे, आणि म्हणूनच व्यसनी माणसाला दिली तर दिवसभर हळू सुटणारी देतात, घरच्यांच्या हाती ठेवतात, मोजून देतात. शिवाय अ‍ॅटोमॉक्सेटिन आहे, ते उत्तेजकात येत नाही, पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. दारू नुकतीच सोडलेल्या १४७ लोकांवर त्याचा प्रयोग झाला होता, एडीएचडी सुधारला, जास्त पिण्याचे दिवस कमी झाले, पण पुन्हा पिण्याकडे वळायला लागणारा वेळ काही लांबला नाही. म्हणजे दोन्ही आजारांचा उपचार बरोबरीने करावा लागतो, एक केला की दुसरा आपोआप जाईल असं नाही.

औषधवाला

धन्यवाद मॅडम. अ‍ॅटोमॉक्सेटिन मागवून देता येते, त्याला एनडीपीएसची अडचण नाही. आता काउंटरवर काय बोलायचं ते समजलं.

पांदणवाट

मी पोकलँड चालवतो, चंद्रपूर साइड. हे सगळं वाचून एक विचारतो. मला खर्रा टाकल्याशिवाय मशीनवर ध्यानच लागत नाही. टाकला की पंधरा वीस मिनिटं डोकं एकदम सरळ चालते, मग पुन्हा तेच, हात चुळबुळ, मन भलतीकडे. शाळेत पण माझं असंच होतं, सातवीत सोडली. सोबतचे पोट्टे पण खर्रा खातात पण त्यांना नाही मिळाला तर ते दुपारपर्यंत काढतात, मला अर्धा तास निघत नाही. जिल्ह्यात दारूबंदी होती तेव्हा (२०१५ ते २०२१) पण मिळत होती, मी दारूच्या नादी नाही लागलो पण खर्रा सुटत नाही. हे काय असू शकते?

मनाची_ओपीडी

दादा, इथं बसून निदान करता येणार नाही. पण तुम्ही जे लिहिलं ते पेशंटच्या तोंडून पुष्कळ ऐकते. निकोटीनने लक्ष थोडा वेळ टिकतं हे खरं आहे, प्रयोगात दिसलेलं आहे. एडीएचडी असलेली मुलं तंबाखूकडे लवकर वळतात आणि त्यांना सोडणं जड जातं हेही दिसलेलं आहे. २०११ मध्ये २७ अभ्यास एकत्र करून पाहिलं तर निकोटीनचं व्यसन लागण्याचा धोका या मुलांत दुपटीपेक्षा जास्त होता. म्हणजे माणूस नकळत स्वतःचा उपचार करत असतो, पण औषध चुकीचं.

खर्ऱ्यात तर दुहेरी मार आहे. तंबाखू आणि सुपारी. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केलं. तोंड किती उघडतं ते आज आरशात बघा. तीन बोटं उभी जात नसतील तर आधी दाताच्या डॉक्टरकडे जा, मानसोपचार मागून करू.

पांदणवाट

अडीच जातात.

मनाची_ओपीडी

मग या आठवड्यातच दाखवा. आणि तिथं खर्रा किती, किती वर्षं, खरं सांगा.

दारव्हेकर

पांदणवाट भाऊ, चंद्रपुरात कोणाकडे जायचं ते मी मेसेज करतो. चालढकल करू नका राजा.

खर्ऱ्याचं निघालंच आहे तर बोलतो. आमच्याकडे पानठेल्यावर दिवसभर पन्नीवर खर्रा घोटणं चालू असते, सुपारी, तंबाखू, चुना, पाटीवर तो करकर आवाज. शाळेची मधली सुट्टी झाली की त्याच ठेल्यावर आठवी नववीची पोट्टी उभी राहतात. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, कागदावर. आणि त्या पोट्ट्यांत कोण जास्त असते? तेच, ज्यांना वर्गातून उठवून बाहेर काढलेलं असते. मला वाटते आपण वर्गात जो पोरगा गमावतो तोच ठेल्यावर सापडते. म्हणून शिक्षकांना हे कळणं दवाखान्यापेक्षाही आधी गरजेचं आहे.

आर्वीची_सून

मी हा धागा दोन दिवसांपासून वाचतेय आणि पोटात गोळा आलाय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, मागच्या वर्षी सेवाग्रामला दाखवलं तेव्हा एडीएचडी सांगितला. माझे सासरे दारूत गेले, दीर पितात. सासूबाई म्हणतात बापजाद्यांवर गेला. मग याचं पण तेच होणार का? खरं सांगा, धीर द्यायला खोटं नका बोलू.

मनाची_ओपीडी

ताई, खरं तेच सांगते. घराण्याचा संबंध आहे. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांत एडीएचडीतला आनुवंशिक वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात येतो, आणि व्यसनाकडे नेणारी काही जनुकं तीच असावीत असंही दिसतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांना, दिरांना कदाचित हेच असेल आणि कोणी तपासलंच नसेल.

पण धोका जास्त म्हणजे होणारच, असं बिलकुल नाही. तुमच्या मुलाचं निदान नवव्या वर्षी झालं, सासऱ्यांचं कधीच झालं नाही, हा फार मोठा फरक आहे. पहिली तंबाखू, पहिली दारू जितकी उशिरा तितकं बरं, हे पक्कं लक्षात ठेवा. घरात कोणी त्याच्या हाताने पुडी आणायला पाठवत असेल तर ते आजपासून बंद. त्याला शाळेत जे जमतं ते करू द्या, पळणं, कबड्डी, काहीही, "मूर्ख" हा शब्द कानावर पडू देऊ नका. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत आणा, डॉक्टरांनी सांगितलं की पटतं.

आर्वीची_सून

पुडी आणायला त्यालाच पाठवतात घरातले. आज बोलते मी.

पुसदकर_पुण्यात

ताई, धीर म्हणून एक. मी पुसदचा, आता पुण्यात नोकरी. चौतिसाव्या वर्षी निदान झालं. त्याआधी कॉलेजपासून दारू, दोन नोकऱ्या गेल्या, घरच्यांनी आशा सोडली होती. एका व्यसनमुक्ती केंद्रात (नाव घेत नाही) मी गटात बसलो की पाय हलवायचो तर "नाटक करतो" म्हणून उभं ठेवायचे. उपचार सुरू झाल्यावर पहिल्यांदा एक बैठक पूर्ण ऐकू शकलो मी, समोरचा माणूस काय बोलतोय ते शेवटपर्यंत. दारू सोडायला मीटिंग, समुपदेशन सगळं लागलंच, पण ते डोक्यात शिरायला लागलं ते गोळीनंतर. माझ्या बापाला हे मिळालं असतं तर, असं रोज वाटतं.

कास्तकार_बाभुळगाव

सारं वाचलं. पुसदकर भाऊचं वाचून थांबलो मी जरा. माह्या लहान्या भावाचं सांगतो आता. लहानपनी बैलाले पानी दाखवाले पाठवलं तर बैल धुऱ्यावर सोडून पोट्टा भलतीकडंच. मास्तरनं चौथीत तीनदा नाव कमी केलं. आता चाळिशीचा आहे, रोज पेते, सकाळीच लागते, नाई भेटली तर हात थरथर कापते. आम्ही घरच्यांनी ठरोलं का पोयाच्या आधी चार दिवस खोलीत कोंडून ठेवायचा, एकदम बंद. मंग तुम्ही म्हनता तशी तपासनी करू. बरोबर राहीन काय?

मनाची_ओपीडी

काका, कोंडू नका! कृपा करून कोंडू नका. रोज सकाळी लागणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होतो, माणूस भलतंसलतं बघतो, ताप, घाम, बीपी वाढते. यात जीव जातो. हात कापतात म्हणजे शरीर दारूवर चाललंय. त्याला दवाखान्यात दाखल करूनच बंद करायची, कंप आणि झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या देतात आणि थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं. यवतमाळचं मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ. निघेपर्यंत तुम्ही स्वतःहून बंद करू नका. रात्री-बेरात्री काही विचारायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.

एडीएचडीची तपासणी मागून. आधी अंगातली दारू सुखरूप उतरू द्या, काही आठवडे जाऊ द्या, मग लहानपणचं सगळं सांगा, बैलाचं पण सांगा. मोठा भाऊ म्हणून तुम्हीच सोबत जा, तुमच्याइतकं त्याचं लहानपण कोणाला माहीत असणार?

दारव्हेकर

काका, मी उद्या सकाळी यवतमाळलाच आहे. तुम्ही त्याला घेऊन या, मी ओपीडीच्या खिडकीपाशी थांबतो, केसपेपर काढून ठेवतो. नंबर मेसेज केला आहे.

कास्तकार_बाभुळगाव

भेटला नंबर. सकाळच्या पयल्या एसटीनं निंगतो आम्ही दोघं भाऊ. बायकोले सांगतलं, कोंडाचं रद्द.